आसन अडतं कुठे? सांधे आणि स्नायू ओळखून योगासनं करण्याची रीत

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी सहाला माझा योगवर्ग भरतो. पुढच्या रांगेत विड्या वळणाऱ्या एक अक्का असतात आणि त्यांच्या मागे यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून थेट येणारे एक अण्णा. अक्का मांडी घालून तासन् तास बसतात, पण पाय लांब करून पुढे वाकायला सांगितलं की त्यांचे हात गुडघ्याशीच थांबतात. अण्णा उभ्याने वाकून बोटं सहज जमिनीला लावतात, पण मांडी घातली की त्यांचे गुडघे छातीशी येतात. एकदा अक्का वैतागून म्हणाल्या, "मॅडम, जन्म गेला माझा खाली बसण्यात, आणि मलाच वाकता येईना?"

खरं तर दोघांचंही शरीर चोख काम करतंय. जे रोज केलं तेच ते शिकलं. अक्कांचे गुडघे दिवसभर दुमडलेले आणि पाठ मांडीवरच्या सुपाकडे झुकलेली, त्यामुळे मांडीमागचे स्नायू पूर्ण लांब होण्याची वेळच येत नाही. अण्णा तुटलेला धागा जोडायला शेकडो वेळा खुब्यातून वाकतात, पण त्यांची मांडी बाहेरच्या बाजूला फिरत नाही. दोघांना एकच सूचना दिली तर एकाची कंबर धरेल आणि दुसऱ्याचा गुडघा. म्हणून मी आसन शिकवण्याआधी त्यात कोणता सांधा हलायला हवा आणि कोणता अडलाय ते पाहते. घरी तुम्हालाही हे करता येईल. त्यासाठी दोन सोलापुरी चादरी, एक टॉवेल आणि मोकळी भिंत पुरते.

आधी हाडं हाताने शोधा

वर्गात नव्या माणसाला मी विचारते, खुब्याचा सांधा कुठे आहे? बहुतेक जण कमरेवर हात ठेवतात. तिथे हाताला लागतो तो ओटीपोटाच्या हाडाचा वरचा काठ. खरा सांधा त्याच्या बराच खाली, जांघेत घडी पडते तिथे आत खोल असतो. एक पाय थोडा उचला आणि मांडी पोटाकडे आणा, घडी पडते ती जागा हीच. आता मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहात ठेवून पाऊल आत-बाहेर फिरवा. हाताखाली एक हाडाचा गोळा सरकतो, ते मांडीच्या हाडाचं बाहेरचं टोक.

मग जमिनीवर बसा, दोन्ही तळहात बुडाखाली सरकवा आणि डावी-उजवीकडे डुला. दोन टोकदार हाडं टोचतील. त्यांना मी बैठकीची हाडं म्हणते. मांडीच्या मागचे तिन्ही मोठे स्नायू, ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते याच हाडांपासून निघून गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. म्हणजे ते एकाच वेळी खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. पुढे वाकण्याची सगळी गोम इथेच आहे.

कुठला ताण चालेल, कुठला नाही

आपल्याकडे सगळ्याला 'शीर' म्हणायची सवय आहे. शीर ताणली, शीर आखडली, शिरेवर शीर चढली. आसनात एवढ्याने भागत नाही, कारण ताण कुठे जाणवतो त्यावर पुढे जायचं की थांबायचं हे ठरतं.

स्नायूच्या मधल्या, जाड भागात पसरलेला, श्वासाबरोबर थोडा सैल होणारा ताण चालतो. हाडाला चिकटलेल्या टोकाशी एका बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल तर मागे या. सूर्यनमस्काराचा आकडा वाढवणाऱ्या मंडळींना बैठकीच्या हाडाशीच दुखायला लागतं आणि ते बरं व्हायला महिने जातात. तिसरा प्रकार सांध्याच्या आत चिमटा बसल्यासारखा. ताण ज्या बाजूला यायला हवा त्याच्या उलट बाजूला हा बहुधा जाणवतो. तिथे हाडाला हाड लागतंय किंवा मधली मऊ ऊती चेपतेय, आणि जोर लावून ते सुटत नाही. बधिरपणा, मुंग्या, विजेसारखी सणक आली की आसन लगेच सोडायचं.

आणखी एक. स्नायू जोडीने काम करतात. मांडीच्या पुढचे स्नायू घट्ट केले की मागच्यांना सैल होण्याचा निरोप जातो. 'गुडघ्याची वाटी वर ओढा' अशी सूचना असते ती त्यासाठी.

पुढे वाकणं: पश्चिमोत्तानासन

पहिली पायरी तपासणीची. पाय लांब करून भिंतीला पाठ लावून बसा. माकडहाडाच्या वरचा सपाट भाग भिंतीला टेकतो का, कंबर मागे गोल होते का? बसल्या-बसल्याच कंबर गोल होत असेल तर हॅमस्ट्रिंगनी बैठकीची हाडं पुढे खेचून धरली आहेत. अशा अवस्थेत वाकलात तर ओटीपोट जागचं हलणार नाही, वाकेल ती फक्त कंबर, आणि भार येईल मणक्यांमधल्या चकत्यांवर. शेवटचे दोन कंबरेचे मणके आणि त्यांच्याखालची जागा या बाबतीत सगळ्यात नाजूक. उसण भरते ती बरेचदा याच ठिकाणी.

दुसरी पायरी, चादर. चार पदरी घडी करून तिच्या कडेवर बैठकीची हाडं येतील असं बसा, पाय खाली जमिनीवर. ओटीपोट पुढे कलायला जागा मिळते. आसनांत ठोकळे, पट्टे, घोंगड्या वापरायची पद्धत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी रूढ केली. आपल्या गावात जाड, न सरकणारी चादर घरोघरी आहे, तेव्हा विकतच्या सामानाच्या मागे लागू नका. एका घडीने कंबर सरळ होत नसेल तर दोन घ्या. अक्कांना तीन लागल्या होत्या आणि त्या लाजत होत्या. लाजायचं काय त्यात?

तिसरी पायरी, गुडघे वाकवा. हो, मुद्दाम. गुडघा दुमडला की हॅमस्ट्रिंगचं खालचं टोक जवळ येतं, वर ढील मिळते आणि खुबा मोकळा होतो. टाचा जमिनीवर, गुडघे इतके वाकलेले की पोट मांडीला टेकेल. आता पोट मांडीवरून सुटू न देता टाचा हळूहळू पुढे सरकवा. जिथे पोट सुटायला लागतं तिथे थांबा, तुमची आजची हद्द ती.

चौथी पायरी, टॉवेल तळपायांमागून घालून दोन्ही टोकं धरा, कोपर किंचित वाकलेले ठेवा. श्वास घेताना छातीचं हाड पुढे न्या. सोडताना जांघेतली घडी आणखी खोल करा. डोकं गुडघ्याला लावायची घाई नको. मान खाली टाकली की आपण फार वाकलो असं वाटतं, पण खुबा तसूभरही हललेला नसतो.

पाचवी पायरी, दाबून सोडणं. टाचा जमिनीत ५-६ सेकंद दाबा, म्हणजे हॅमस्ट्रिंग आकसतील. मग दाब सोडा, श्वास सोडत थोडे पुढे या आणि २०-३० सेकंद थांबा. असं तीन वेळा. दर वेळी दोन बोटं जास्त जाता येतं. ही जादू नाही, आणि तेवढ्यात स्नायूची लांबीही वाढत नाही. ताण सोसायची मेंदूची तयारी वाढते. म्हणूनच आठवडाभर खाडा पडला की पुन्हा मागे जाता. रोज पाच मिनिटं केलेलं रविवारच्या एका तासाला भारी पडतं.

अक्कांना यात चार महिने गेले. आता त्यांचे हात घोट्यापर्यंत जातात. बोटांपर्यंत जावेत असा माझाही आग्रह नाही, त्यांचाही नाही.

मांडी, अर्धपद्मासन, पद्मासन

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझा डावा गुडघा इथेच गेला. पंचविशीत एका शिबिरात शेजारची मुलगी पद्मासनात बसली म्हणून मीही पाय ओढून बसले. 'थोडं सहन करा, सवय होते,' असं शिकवणारे म्हणाले. उठताना आतल्या बाजूला कट् झालं. सूज उतरायला दीड महिना लागला आणि त्यानंतर मी शरीररचना वाचायला घेतली.

पद्मासन गुडघ्याचं आसनच नव्हे, ते खुब्याचं आहे. खुबा उखळीतल्या गोळ्यासारखा, सगळीकडे फिरणारा. गुडघा मुख्यतः बिजागरीचा, दुमडलेला असताना थोडासा फिरतो, बस. पाऊल दुसऱ्या मांडीवर ठेवायचं तर मांडीचं हाड उखळीत भरपूर बाहेर फिरावं लागतं. ते फिरलं नाही आणि तुम्ही पाऊल ओढलंत, तर उरलेलं फिरणं बिचारा गुडघा करतो आणि त्याच्या आतल्या बाजूची अर्धचंद्राकार गादी दोन हाडांत चिमटते.

आता तपासणी. उंच ओट्यावर किंवा टेबलावर बसा, गुडघ्याखालचे पाय लोंबते. बूड न उचलता एक पाऊल दुसऱ्या पायाच्या दिशेने आत आणि वर न्या. पाऊल आत जातं तेव्हा मांडी बाहेर फिरत असते, यात गोंधळू नका. नडगी उभ्या रेषेपासून ४०-५० अंश कलली तर खुबा ठीक फिरतोय. २०-२५ अंशांवर अडली तर आज पद्मासन नाही. तसंच पाऊल बाहेर नेऊनही बघा. काही जणांचं बाहेर खूप जातं आणि आत जेमतेम. त्यांच्या मांडीच्या हाडाची मानच जास्त पुढे वळलेली असण्याची शक्यता असते. मोठ्या माणसात हा पीळ सरासरी १५ अंशांच्या आसपास, पण माणसागणिक बराच वेगळा. हाडाचा पीळ ताणून बदलत नाही. अशा माणसाने वज्रासनात किंवा खुर्चीत बसून ध्यान केलं म्हणून काही बिघडत नाही.

अडलंय ते स्नायूमुळे असेल, म्हणजे कुल्ह्याच्या जाड भागात ताण येत असेल, तर असं करा:

१. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर. उजवा घोटा डाव्या गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर ठेवा.
२. उजवं पाऊल घोट्यातून ताठ ठेवा, पायाची बोटं नडगीकडे ओढलेली. घोटा लुळा पडला की पिळा थेट गुडघ्यात जातो.
३. डाव्या मांडीमागे टॉवेल घालून ती छातीकडे आणा. ताण उजव्या कुल्ह्यात यायला हवा. उजव्या गुडघ्यात आला तर डावा पाय लांब सोडा.
४. ३० सेकंद थांबा, बाजू बदला, दोनदा करा.

महिनाभराने अर्धपद्मासन करून पाहा. त्याचाही क्रम आहे. आधी गुडघा पूर्ण दुमडून टाच बुडाजवळ आणा, मांडी आणि पोटरीत फट राहू देऊ नका. मग दोन्ही हातांनी मांडीचं हाड बाहेर फिरवा आणि अख्खा पाय एकजीव उचला. एक हात नडगीखाली, एक घोट्याखाली, पायाची बोटं धरून ओढायचं कधीच नाही. पाऊल जांघेत बसलं पाहिजे. ते मांडीच्या मध्यावर येत असेल आणि घोटा मुरडत असेल तर उतरवा. वर राहिलेल्या गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी द्या, हाताने दाबू नका. फुलपाखरू आसनात मुलांच्या गुडघ्यांवर उभे राहणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावं ते इथे लिहीत नाही.

अण्णा दोन चादरींवर साध्या सुखासनात बसतात, गुडघे कमरेपेक्षा खाली येतील एवढी उंची घेऊन. त्यांना तेवढं पुरतं.

उकिडवं बसणं: मालासन

आपले आजोबा पारावर उकिडवे बसून तासभर गप्पा मारायचे. आता खुर्ची आणि कमोडमुळे ते गेलं. बसताना टाचा उचलल्या जात असतील तर दोष बहुधा घोट्याचा. भिंतीसमोर पाऊल ठेवा, अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटर दूर, म्हणजे तुमची चार बोटं आणि वर थोडं. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर घोटा बरा आहे. नाही लागला तर अडकण कुठे ते पाहा. मागे पोटरीत ओढ असेल तर गुडघा किंचित वाकवून पोटरीचा खोल स्नायू रोज ताणा. पुढे घोट्याच्या घडीत चिमटा असेल तर ताणून उपयोग नाही. टाचांखाली गुंडाळलेली चादर द्या आणि खुशाल बसा. यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणाऱ्यांच्या पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या असतात, त्यांना ही चादर पहिल्या दिवसापासून द्यावीच लागते.

हात वर जाताना

पर्वतासन असो की अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीला टेकून बूड वर नेतात ते), हात कानाशी जायला साधारण १८० अंशांचा प्रवास. त्यातले १२० अंश खांद्याच्या सांध्यात, उरलेले ६० अंश पाठीवरचं त्रिकोणी हाड, म्हणजे खवाटा, वर फिरल्यामुळे मिळतात. म्हणून हात वर असताना 'खांदे खाली दाबा' ही सर्रास दिली जाणारी सूचना मला पटत नाही. खवाटा खाली दाबून धरला तर दंडाचं हाड वरच्या हाडाच्या छपराला जाऊन लागतं आणि मधला स्नायुबंध घासला जातो. हात वर जाताना खवाट्यालाही वर, पुढे फिरू द्या. अंगठे मागच्या भिंतीकडे वळवा, म्हणजे दंडाचं हाड बाहेर फिरतं आणि छपराखालची वाट मोकळी होते. मान ताणलेली नको, एवढंच पाहा.

तपासणी सोपी. गुडघे वाकवून पाठीवर झोपा, कंबर जमिनीलगत, हात डोक्यामागे न्या. हात जमिनीला लागायच्या आत बरगड्या वर आल्या, कंबर उचलली, तर तुमचे हात खांद्यातून नाही, कमरेतून वर जात होते. विड्या वळणाऱ्या बायका, शिवणकाम करणारे, दिवसभर मोबाइलवर असणारी पोरं, सगळ्यांची हीच गत. छाती आकसलेली, पाठीचा वरचा भाग पुढे गोल. त्यांच्यासाठी टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी करून ती खवाट्यांखाली आडवी ठेवा, डोक्याखाली घडी, हात बाजूला पसरलेले, पाच मिनिटं. अक्का याला 'फुकटचा दवाखाना' म्हणतात.

श्वानासनात गुडघे वाकवून आधी बूड वर आणि मागे न्या, पाठ लांब झाली की मगच टाचांचा विचार. तळहातात तर्जनीच्या मुळाशी वजन ठेवा, नाहीतर सगळा भार मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूवर जातो.

भुजंगासन, वळणं, शीर्षासन

कंबरेचे ५ मणके मागे सहज वाकतात. छातीचे १२ मणके बरगड्यांमुळे फार कमी वाकतात. त्यामुळे भुजंगासनात सगळी कमान एकाच ठिकाणी मोडते. पावलांची वरची बाजू जमिनीत दाबा, हात बरगड्यांशी ठेवून जमीन मागे ओढल्यासारखं करा, म्हणजे छाती पुढे सरकेल. कोपर वाकलेलेच राहू द्या. नाभी जमिनीवरून सुटली की पुरे.

वळताना उलट गंमत. कंबरेचे पाचही मणके मिळून जेमतेम ५ ते १० अंश वळतात, छातीचे ३० ते ३५. मानेचं निम्मं वळण वरच्या दोन मणक्यांतच होतं. तेव्हा बसून वळायच्या वक्रासनात 'कंबर पिळा' म्हणणं चुकीचं. बरगड्या वळवा, मान शेवटी. वळताना एका बाजूचं बूड थोडं सरकलं तर सरकू द्या. ते दाबून धरलं की माकडहाडाच्या बाजूचा सांधा कुरकुरतो.

शीर्षासनाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. मानेचे मणके डोकं पेलायला आहेत, धड पेलायला नाहीत. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मानेचं दुखणं असेल तर विषयच संपला. बाकीच्यांनी आधी कोपरांवर जोर देऊन डोकं जमिनीपासून बोटभर वर ठेवून एक मिनिट श्वानासनासारखं उभं राहून दाखवावं. जमलं तर बोलू.

तोल

वृक्षासनात डगमगलं की लोक हात हवेत मारतात. सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी अंगरखा घालून नंदीध्वज पेलणाऱ्याकडे बघा. उंच काठी झुकायला लागली की तो वरून झगडत नाही, खालून पावलं आणि खुबे तिच्याखाली नेतो. तुम्हीही उभ्या पायाच्या अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच या तिन्ही जागा जमिनीला लावा. उभ्या पायाच्या बाजूचा कुल्हा बाहेर कोसळू देऊ नका. तो सावरणारा स्नायू कुल्ह्याच्या बाहेरच्या अंगाला हाताखाली घट्ट लागतो. दुसरं पाऊल पोटरीवर किंवा मांडीवर ठेवा, गुडघ्याच्या बाजूला टेकवू नका.

रोजचा क्रम साधा ठेवा: आधी सांधे फिरवणं, मग उभी आसनं, पुढे बसून वाकणं, मागे वाकणं, वळणं, शेवटी शवासन. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो, अंग तापलेलं असतं आणि सगळं जास्तच वाकतं. त्या दिवसांत नेहमीच्या हद्दीपेक्षा पुढे जाऊ नका, दुखणं संध्याकाळी कळतं. पाठदुखी गुडघ्याखाली पायात उतरत असेल, पाऊल लुळं वाटत असेल, लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटत असेल तर वर्गात येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा.

शवासनात पाय लांब केल्यावर कंबर जमिनीवरून उचललेली राहत असेल तर कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोआस हा स्नायू आखडलेला असू शकतो. बसून काम करणाऱ्यांचा बहुधा असतोच. गुडघ्यांखाली चादरीची जाड गुंडाळी सरकवा, त्याला ढील मिळेल आणि पाठ आपोआप टेकेल. अण्णांना मी ही गुंडाळी देते आणि पलीकडच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट चालू असतानाच दोन मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू होतं. उठवत नाही मी. चादर तेवढी नंतर घडी घालून ठेवायला सांगते.